नोंदवहीत नसलेली ढेप

आमच्या घरात डुकरं आली ती विज्ञानाच्या वाटेने आली. दुसऱ्या कुठल्या वाटेने ती येणं शक्यच नव्हतं. चातुर्मासात शेजारच्या मळ्यात कांदा परतला तरी माय आमच्या खिडक्या लावून घ्यायची, आणि अंड्याचं चित्र असलेलं शाळेचं पुस्तक देवघरात न्यायला मला बंदी होती. अशा घरासमोर एका दुपारी टेम्पो थांबला, त्यातून आठ गुलाबी-पांढरी पिल्लं किंचाळत उतरली आणि त्यांच्या मागून माझे वडील छातीशी फाईल धरून उतरले. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. गाव त्यांना सर म्हणायचं, कारण ते हायस्कुलात विज्ञान शिकवायचे, आणि विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला काहीही आणायची मुभा असते अशी गावाची समजूत होती. पुढे त्या आठांपैकी पाच मेली, आणि त्यांच्या मरणाचा बोल आमच्याकडे कामाला असलेल्या रुमलीबाईवर आला. दोष तिचा नव्हता. कोणाचा होता हे नानांना ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं. नाना आता नाहीत, म्हणून हे लिहिणं माझ्या वाट्याला आलं आहे. त्यांनी लिहिलं असतं तर सोबत आलेख जोडले असते.

आमचं घर तळोद्याकडून खापरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, मळ्यातच होतं. पुढे पपई, मागे कापूस, बाजूला दोन म्हशींचा गोठा, आणि दिवसभर विहिरीवरच्या मोटरीची घरघर. वीज गेली की ती घरघर थांबायची आणि मग कान दुखल्यासारखं वाटायचं. नानांनी याआधी गांडुळं पाळून पाहिली होती, अळंबी लावून पाहिली होती, आणि ससे तर इतके पाळले होते की शेवटी ते त्यांनीच संध्याकाळी गुपचूप वावरात सोडून दिले. डुकरांचं मात्र रीतसर होतं. जिल्ह्याच्या गावी तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं, प्रमाणपत्र होतं, फाईल होती. फाईलवर एका हसऱ्या डुकराचं चित्र असल्यामुळे मायने ती घरात येऊ दिली नाही, म्हणून ती गोठ्यातल्या कोनाड्यात राहिली. पहिल्या दिवशी जाती शिकवल्या, दुसऱ्या दिवशी गोठ्याची रचना, लसी आणि वाढीसाठीची पूरक द्रव्यं. तिसऱ्या दिवशी जेवणात काय असणार हे सकाळीच जाहीर झालं, आणि नाना व त्यांच्यासारखे आणखी चार-पाच शाकाहारी डुक्करपालक नाश्ता आटोपून मिळेल त्या गाडीने घरी परतले. तिसऱ्या दिवशीचा विषय होता, पिल्लांना काय खाऊ घालू नये. प्रमाणपत्र मात्र तीन दिवसांचं मिळालं. ते पोस्टाने आलं.

आता एवढी मोठी गोष्ट घरात येऊन राहिली तर तिला नाव हवं. 'डुक्कर' हा शब्द मायच्या स्वयंपाकघरात उच्चारायची सोय नव्हती, जेवताना तर नाहीच. पहिले दोन दिवस 'ते', 'त्यांना', 'तिकडे' असं चाललं. मग एका संध्याकाळी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी थापता थापता मायने मागे न वळता विचारलं, "पावनास्नी खादं का?" आणि त्या दिवसापासून ते पाहुणे झाले. ती त्यांच्याकडे कधी गेली नाही. वारा तिकडून सुटला की गुग्गुळ पेटवायची, पण भाताची पेज निघाली की माझ्या हाती भांडं द्यायची आणि म्हणायची, "फेकी दे कोठे बी." कुठेही म्हणजे कुठे हे तिलाही कळत होतं आणि मलाही. लसणाची चटणी, उडदाची डाळ आणि कळण्याची भाकरी असं आमचं रात्रीचं जेवण, आणि त्या जेवणात नाना सगळ्यांना नुकतं दूध तुटलेल्या पिल्लाच्या आतड्याची अवस्था समजावून सांगायचे. मायने एकदा ताट बाजूला सारलं. नानांना वाटलं, तिचं पोट भरलं.

डुकरांना हात लावणार कोण हा प्रश्न होता. नाना प्रयोगाचे प्रमुख होते, आणि प्रमुख हात लावत नसतात. मी बारावी होऊन घरी बसले होते, त्यामुळे माझी नेमणूक नोंदवहीवर झाली. उरलं काम, म्हणजे सगळंच काम, आमच्या सालदाराच्या बायकोकडे गेलं. सालदार म्हणजे आखाजीपासून, अक्षय्य तृतीयेपासून, पुढच्या आखाजीपर्यंत वर्षभर बांधलेला गडी. हे जोडपं डोंगरातल्या मोलगीच्याही वरच्या एका पाड्यावरून आलं होतं आणि गोठ्यामागच्या खोलीत राहायचं. रुमलीबाई माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी असेल. नानांनी तिला बोलावून प्रमाणपत्र दाखवलं, जे तिला वाचता येत नव्हतं, आणि मायला म्हणाले, "डोंगरमधली बाई शे. तिले जनावरनं सगळं माहीत ऱ्हाई." रुमलीबाईने पिल्लांकडे बघितलं, नानांकडे बघितलं.

"आमना गावमा बकऱ्या शेतस, कोंबड्या शेतस," ती म्हणाली. "डुकरे कोनी पायतस नई. मी आजच देखी ऱ्हायनी."

याचा नानांवर काही परिणाम झाला नाही. डोंगरातल्या माणसाला रानातलं सगळं येतं असं त्यांनी कधीतरी ठरवून टाकलं होतं, आणि ठरवलेलं तपासून बघायची सवय ते फक्त वर्गात शिकवायचे.

ती पहिल्या आठवडाभराची रड मला अजून ऐकू येते. आईपासून तोडलेलं पिल्लू दूध सुटल्यामुळे रडतं की आई सुटल्यामुळे, हे फाईलमध्ये लिहिलेलं नव्हतं. आठही जणं एकमेकांच्या अंगावर रचून पडायची, पातळ हगायची, आणि चाऱ्याच्या घमेल्याला तोंड लावून मागे व्हायची. रुमलीबाई ते घमेलं घेऊन खाली बसायची, बोटं बुडवून बोटं चाटवायची, एकेकाला. मी नाकाला ओढणी लावून विचारलं, हे कोणी शिकवलं. "कोन शिकाडी?" ती म्हणाली. "माय नई त्यास्ले. नवी जागा. खातीन कसा?" चौथ्या दिवशी सगळी घमेल्यात तोंड घालून खायला लागली. मी नोंदवहीत लिहिलं, 'पिल्लांनी आहार स्वीकारला.' कोणामुळे स्वीकारला यासाठी वहीत रकाना नव्हता. वही नानांनीच आखली होती.

आणि मग पावडर. ती एका गोल डब्यात आली, डब्यात चमचा होता आणि डब्यावर एक डुक्कर असं उभं होतं की त्याला दंड असते तर त्याने ते फुगवून दाखवले असते. त्यात जीवनसत्त्वं होती, क्षार होते, लोह होतं, जस्त होतं, आणि सगळं इंग्रजीत असल्यामुळे त्यावर शंका घेण्याचं कारण नव्हतं. आज माझा नातू व्यायामशाळेतून येऊन तसल्याच डब्यातली तसलीच पावडर तसल्याच चमच्याने दुधात ढवळतो आणि आरशासमोर जातो. त्याचंही वजन कोणीतरी वहीत लिहीत असावं. तर नानांनी पिल्लांचे दोन गट केले. चौघांच्या पाठीवर निळा ठिपका, त्यांना पावडर. चौघं कोरी, त्यांना नुसता भरडा. दर रविवारी कडुनिंबाच्या फांदीला काटा टांगायचा, रुमलीबाईने एकेक पिल्लू पोत्यात घालून लटकवायचं, पोतं किंचाळत गोल फिरायचं, आणि मी त्या किंचाळ्यांमधून आकडा टिपायचा. नाना दहा पावलं लांब उभे राहून म्हणायचे, "अचूक लिही, विमल. अचूक." कामाच्या वेळी ते शाळेची भाषा बोलायचे. घरची भाषा प्रयोगाला चालत नसावी.

तीन रविवार गेले तरी आलेखाची रेघ जमिनीला समांतर. निळे ठिपकेही तसेच, कोरेही तसेच. आता मला कळतं की दूध तुटल्यावर काही दिवस वाढ अडतेच, आणि थोडा धीर धरला असता तर ती आपोआप सुरू झाली असती. पण नानांनी शाळेत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. शिपाईसुद्धा विचारायचा, "सर, डुकरे कितला व्हयनात?" नाना म्हणायचे, प्रक्रिया चालू आहे. चौथ्या आठवड्यात मात्र त्यांनी मला सोबत घेतलं आणि आम्ही मोटारसायकलवरून खापरला गेलो.

खापरच्या बाजारात आमचं ढेपेचं दुकान ठरलेलं होतं. शेठजी मारवाडी, जैन, मुंगीच्या वाटेवर साखर टाकणारा माणूस. त्यांच्या गादीसमोर उभं राहून डुकरांसाठी खाद्य मागायचं धैर्य नानांना झालं नाही. ज्यांनी ग्रहणात भर चौकात जेवून दाखवलं होतं, त्यांना झालं नाही. ते बाजूला होऊन दोरखंड बघायला लागले आणि मला म्हणाले, "तू मांग." शेठजींनी विचारलं, कोणासाठी लई ऱ्हायनी, बेटा? मी नानांकडे पाहिलं. नाना दोरखंडाची जाडी तपासत होते.

"पारडासाठे, काका," मी म्हणाले. "दूध तोडेल शे, पन वाढतस नईत."

शेठजी खुलले. म्हशीच्या पारडांवर त्यांचा जीव होता. "दूध तुटनं का जनावर बठीच जास," ते म्हणाले. "पावडर-बिवडरमा काय शे! सरकीनी ढेप दे, रातभर भिजाडीसन. महिनामा देख कसं भरस ते." सरकीची ढेप म्हणजे कापसाच्या बीचं तेल काढल्यावर उरलेला चोथा. आमच्याकडे दुभत्या म्हशीला त्याहून मोठा लाड माहीत नाही. लेकीच्या बाळंतपणाला डिंकाचे लाडू तशी म्हशीला ढेप. शेठजींनी दोन पोती दिली आणि वर पारडांसाठी म्हणून गुळाची एक ढेकूळ कागदात बांधून माझ्या हातात ठेवली, पैसे न घेता. ती मी घरी येईपर्यंत अर्धी खाल्ली. खोटं बोलल्यावर एवढं गोड कधी मिळालं नव्हतं.

ढेपेने चमत्कार केला. रुमलीबाई संध्याकाळी बादलीत ती भिजत घालायची, सकाळी हाताने कुस्करून आठांनाही द्यायची, आणि पिल्लं बादली लांबून दिसली तरी उड्या मारायची. पुढच्या रविवारी रेघ उठली. त्याच्या पुढच्या रविवारी ती अशी चढली की नानांनी आलेखाला वरून दुसरा कागद चिकटवला. शाळेत पेढे वाटले. पेढे कशाचे, असं कोणी विचारलं की ते "संशोधनाचे" म्हणायचे. मी एकदा वही उघडून विचारलं, "नाना, ढेप लिखू का?"

"ढेप काय लिखनी?" नाना म्हणाले. "ती खावानं शे. आपला प्रयोग पावडरना शे."

मला ते पटलं. खरं तर मी फार विचारच केला नाही. आखलेल्या रकान्यात लिहायचं, रकाना नसेल ते लिहायचं नाही, एवढी शिस्त मला शाळेने दिली होती आणि शाळा माझ्या घरातच राहत होती. वहीभर पावडरचे चमचे लिहिले आहेत, सुवाच्य अक्षरात. ढेपेचा एक शब्द नाही.

थंडी कमी व्हायला लागली, कापसाची शेवटची वेचणी आली, तेव्हा पहिल्यांदा रुमलीबाईच्या लक्षात आलं. ती मला हाताला धरून घेऊन गेली. कोरं एक पिल्लू भिंतीला टेकून उभं होतं आणि त्याच्या बरगड्या भात्यासारख्या वरखाली होत होत्या. "हाई देख, बाई," ती म्हणाली. "पयनं नई, तरी धापा टाकस. सरले सांग." मी सांगितलं. नानांनी काटा आणायला सांगितला आणि वजन भरलं, ते वाढलेलं होतं, त्यामुळे पिल्लू निरोगी ठरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते मेलं. आठवड्यात आणखी तीन गेली, एक तर घमेल्यात तोंड असतानाच. रुमलीबाई जेवेना. खात नाहीत म्हणून ती त्यांना आणखी ढेप द्यायची, हाताने, घास करून. पाचवं गेलं तेव्हा नानांनी शेवटी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टर आले तेव्हा अंगणात बरीच माणसं जमली होती. जिवंत डुकरं बघायला कोणी आलं नव्हतं, मेलेली बघायला सगळे आले. डॉक्टरांनी कडुनिंबाखाली पिल्लू फाडलं. छातीत पाणी भरलेलं होतं. ते हात धुता धुता म्हणाले, "सर, यांना सरकीची ढेप घातली होती का? म्हशीला चालते, ती रवंथ करते. डुकराच्या पिल्लाला ती विष आहे. सुरुवातीला वजन वाढतं, आणि आतून हृदय जातं."

मी नानांकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला मी पाहिला, त्यामुळे त्यांना समजलं नाही असं मला कधी म्हणता आलं नाही. त्यांनी माझ्या हातातून नोंदवही घेतली, पानं चाळली, आणि अगदी वर्गातल्या आवाजात म्हणाले, "नोंदीत तर तसं काही नाही, डॉक्टर."

ते खोटं नव्हतं. नोंदीत नव्हतंच. डॉक्टरांनी वही बघितली, अक्षराचं कौतुक केलं. मग त्यांची नजर गोठ्याच्या दाराशी उभ्या रुमलीबाईकडे गेली, तिच्या हातातल्या बादलीकडे गेली. बादलीच्या काठाला ढेप चिकटलेली होती. "मग ही?" त्यांनी विचारलं. रुमलीबाईला डॉक्टरांचं सगळं बोलणं कळलं नव्हतं. तिला एवढंच कळलं की बादलीत जे होतं त्याने पिल्लं मेली.

"मीच देत व्हती, साहेब," ती म्हणाली. "रोज मीच भिजाडू, मीच देऊ."

"बघा," नाना म्हणाले. एवढाच शब्द. माणसांमध्ये एक सुस्कारा फिरला, कोणीतरी "म्हशीनी ढेप चोरीसन डुकरले" असं म्हणालं, कोणीतरी हसलं. मी तिथे होते. माझ्या तोंडात जीभ होती. 'ढेप आम्ही खापरहून आणली, मी मागितली' एवढं वाक्य, बालवाडीतल्या मुलीला जमेल असं. मी वही पुन्हा हातात घेतली आणि पाचव्याच्या रकान्यात तारीख घातली. आयुष्यात मी बऱ्याच गोष्टी चुकीच्या केल्या, त्यांची कारणंही मला देता येतात. या गोष्टीचं कारण मी इतकी वर्षं शोधते आहे आणि मला ते भित्रेपणापलीकडे सापडलेलं नाही.

त्या दिवशी जेवताना माय ताटाकडे बघत म्हणाली, "ढेप तं खापरथीन येल व्हती." नाना म्हणाले, "जेव आते." आम्ही जेवलो.

डॉक्टरांनी ढेप बंद करून लोहाचं औषध दिलं आणि उरलेली तीन जगली. तिन्ही निळ्या ठिपक्यांची. पावडरमधल्या लोहाने ढेपेतलं विष थोडंफार बांधून ठेवलं असणार, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे पावडरच्या गटातलं एकच मेलं आणि साध्या गटातली चारही मेली. असा स्वच्छ निष्कर्ष नानांच्या कुठल्याच प्रयोगाला आजवर मिळाला नव्हता. त्यांनी त्यावर चार पानांचा अहवाल लिहिला, शेतकरी मेळाव्यात वाचला, टाळ्या घेतल्या, आणि गळ्यात हार घालून घरी आले. अहवालात 'मजुराच्या अज्ञानामुळे उद्भवलेली परिस्थिती' असे शब्द होते. ते मी सुवाच्य अक्षरात उतरवून दिले होते.

आमच्याकडचं काम सुटल्यावर रुमलीबाई आणि तिचा नवरा गावातच दुसऱ्या मळ्यावर काम बघायला गेले. तिथल्या मालकाने रीतीप्रमाणे नानांना विचारलं. नाना म्हणाले, "मानसे चांगला शेतस. पन बाईना हातखाले जनावर देऊ नका." आखाजीला अजून बरेच दिवस होते. सालाच्या मध्येच कोण नवा गडी ठेवणार? दोघं डोक्यावर बोचकी घेऊन रस्त्यावर मोलगीकडे जाणाऱ्या जीपची वाट बघत उभी राहिलेली मी माडीवरून पाहिली. मी खाली गेले नाही, पपईच्या आडून ती दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिले.

होळी आली. काठी गावची होळी बघायला मैत्रिणींसोबत जाते असं मी घरी सांगितलं, आणि या वेळी खोटं बोलताना मला कोणी गूळ दिला नाही. होळीच्या आधीचा मोलगीचा बाजार म्हणजे आजूबाजूचा सगळा डोंगर खाली उतरलेला असतो, त्यामुळे ती तिथे असणार हे मला माहीत होतं. अक्कलकुव्याहून जीपच्या मागच्या दांडीला धरून घाट चढले. बाजारात ढोल वाजत होते, साखरेचे हार-कडे, गूळ, डाळ्या, नवी लुगडी, आणि त्या गर्दीत एका कडेला रुमलीबाई तुरीच्या छोट्या ढिगासमोर बसली होती. मला बघून ती उठली नाही. मी तिच्यासमोर मातीत बसले आणि पाठ केल्यासारखं सगळं सांगून टाकलं. ढेप डुकराच्या पिल्लाला विष असते, ती आम्ही आणली, पारडांसाठी म्हणून खोटं बोलून आणली, तुझा काही दोष नव्हता.

तिला आधी ते समजलंच नाही. मग समजलं, आणि तिचा चेहरा बदलला तेव्हा मला कळलं की मी तिचं काय केलं होतं. मला वाटत होतं, तिच्यावर खोटा आळ आला हे तिला माहीत आहे आणि ती आमच्यावर रागावून आहे. तसं नव्हतंच. तिने तो आळ खरा मानला होता. आपण भिजवलं, आपण भरवलं, आपल्या हातात काहीतरी वाईट आहे, असं मानून ती डोंगर चढून गेली होती.

"कोनी बकरीनं पिलू माले धरू देत नई," ती म्हणाली. "मन्हा जेठ, जेठानी, शेजारनी. मी बी धरत नई. भीती वाटस." आणि आवाज न चढवता, "मग त्या दिन तुन्हं तोंड कोठे व्हतं, बाई?"

उत्तर तिला नकोच होतं. ती उठली, तूर शेजारणीच्या भरवशावर ठेवली, माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "चाल. हाई त्यास्ले सांग." आणि तिने मला त्या बाजारातून फिरवलं. आधी तिच्या जेठाणीसमोर, म्हणजे थोरल्या जावेसमोर, मग शेजारणीसमोर, मग बकऱ्यांच्या बाजारात बसलेल्या दोन म्हाताऱ्यांसमोर, मग पाड्याच्या कारभाऱ्यासमोर. प्रत्येकासमोर मी शाळेच्या मराठीत एक वाक्य म्हणायचे, "पिल्लं आमच्या चुकीनं मेली, हिच्या नाही," आणि ती भिलीत त्याची चार वाक्यं करायची. ती काय सांगत होती मला कळत नव्हतं. ऐकणारे माझ्याकडे मात्र अशा नजरेने बघायचे की भाषांतर अचूक होतं याची खात्री पटावी. एकाने विचारलं, एवढी शिकलेली पोरगी, एवढं साधं तेव्हा का बोलली नाही? ते रुमलीबाईने मला उलटं सांगितलं, हसून. त्या दिवसातलं तिचं तेवढंच हसू. बारावीच्या परीक्षेत मला इतका घाम फुटला नव्हता. शेवटी एका म्हातारीने आपल्या दोरीचं करडू उचललं आणि रुमलीबाईच्या ओंजळीत ठेवलं. रुमलीबाईने ते धरलं. त्याच्या तोंडाशी तिने बोट नेलं, आणि मी रडायला लागले. ढोलामुळे ते कोणाला ऐकू गेलं नाही हे बरं झालं.

जीप सुटायच्या वेळी ती रस्त्यापर्यंत आली. मला वाटलं, आता ती काहीतरी चांगलं बोलेल. माणसाला एक बरं काम केलं की लगेच पावती हवी असते.

"तू सांगं, बरं करं," ती म्हणाली. "पन गावमा मन्हं नाव तुन्हा बापनी लिधं. त्याले लई ये."

घरी येऊन मी नानांना सगळं सांगितलं, त्यांनाच घेऊन ये या तिच्या निरोपासकट. ते चष्मा पुसत म्हणाले, "पुढला बाजारले देखू." पुढचा बाजार आला, त्याच्या पुढचा आला. नाना वाईट माणूस नव्हते. गावातल्या कितीतरी पोरांच्या फिया त्यांनी भरल्या, म्हातारपणी स्वतःच्या चुका सांगून वर्गाला हसवायचे, सशांची गोष्ट तर फार रंगवून सांगायचे. पण मोलगीला ते कधी गेले नाहीत, आणि मी जेव्हा जेव्हा विषय काढला तेव्हा तेव्हा त्यांना काहीतरी तपासायचं काम निघालं. त्या वर्षी आखाजीच्या आधी मात्र त्यांनी एक गोष्ट केली. घरच्या दादर ज्वारीचं एक पोतं भरलं, सुतळीने स्वतः शिवलं, आणि मोलगीच्या जीपवाल्याला सांगून वर पाठवून दिलं. मला म्हणाले, "झायं आते."

तिसऱ्या दिवशी तोच जीपवाला पोतं घेऊन परत आला. त्याने ते अंगणात उतरवलं. सुतळीची शिवण होती तशीच होती.

"लिधं नई तिनी," तो नानांना म्हणाला. "म्हने, ज्वारी बोलस का?"

नानांनी पोतं ओढत घरात नेलं. ती ज्वारी पावसाळाभर आम्ही खाल्ली.